अमेरिकेत रेकॉर्ड एक्स्पंज झालं, पण सरकारी रिपोर्टमधून गेलं का? असं तपासा

कोर्टाची एक्स्पंजमेंटची, म्हणजे जुन्या केसची नोंद पुसायची किंवा झाकायची, ऑर्डर हातात आली की बरेच जण सुटलो एकदाचे म्हणून फाईल कपाटात टाकतात. प्लीज तसं करू नका. केसची नोंद एका जागी नसते, पोलिसांकडे असते, कोर्टात असते, राज्याच्या रेकॉर्ड खात्यात असते आणि एफबीआयकडे पण, आणि ऑर्डर जिथे पोचली नाही तिथे जुनी नोंद जशीच्या तशी दिसत राहते.

आधी कोर्टाच्या क्लार्ककडून ऑर्डरच्या शिक्का मारलेल्या सर्टिफाइड कॉपीज घ्या, एक नाही, चार-पाच घ्या.

मग थोडे महिने जाऊ द्या आणि राज्याकडून आणि एफबीआयकडून स्वतःचा रिपोर्ट मागवा. एफबीआयच्या रिपोर्टला आयडेंटिटी हिस्टरी समरी म्हणतात, फी १८ डॉलर, बोटांचे ठसे द्यावे लागतात. आला की ओळ न् ओळ वाचा. माझ्या मित्राच्या रिपोर्टवर अटकेची तारीख, आरोप सगळं होतं आणि निकालाची जागा मात्र कोरी, म्हणजे वाचणाऱ्याला वाटणार केस अजून चालूच आहे! असं दिसलं तर आधी राज्याच्या खात्याला गाठा, कारण राज्यातल्या केसची नोंद एफबीआय स्वतःहून काढत नाही, राज्याने कळवावं लागतं.

पेनसिल्व्हेनियाने २०१८ मध्ये क्लीन स्लेट कायदा केला, नंतर युटा, मिशिगन अशी राज्यं आली, तिथे ठरावीक जुन्या केसेस अर्ज न करता आपोआप झाकल्या जातात. तरी तपासाच.

नोकरीसाठी बॅकग्राउंड चेक करणाऱ्या प्रायव्हेट कंपन्यांकडे जुना डेटा पडून असतो, तिथे नोंद दिसली तर ऑर्डरची कॉपी जोडून लेखी डिस्प्यूट, म्हणजे नोंद चुकीची असल्याची तक्रार, टाका, सर्वसाधारणपणे ३० दिवसांत त्यांना तपासावं लागतं.

आणि ग्रीन कार्ड किंवा सिटिझनशिप व्हायची असेल तर हे नीट वाचा. एक्स्पंज झालेली कन्व्हिक्शन (कोर्टाने दोषी ठरवणं) इमिग्रेशनच्या लेखी बहुतेक वेळा कन्व्हिक्शनच राहते, त्यामुळे एन-४०० फॉर्मवर, म्हणजे सिटिझनशिपच्या अर्जावर, ती लपवू नका, आधी इमिग्रेशन वकिलाशी बोला. केसच्या निकालाची सर्टिफाइड कॉपी एक्स्पंजमेंटच्या अर्जाआधीच काढून ठेवा, काही ठिकाणी फाईल नष्टच करतात आणि मग तोच कागद इमिग्रेशनने मागितला तर क्लार्क सांगतो, अशी केसच नाही आमच्याकडे.