बुलेट अँट ओळखताना होणाऱ्या चुका, या टाळा

मोठी काळी मुंगी, मागे रेनफॉरेस्टची हिरवळ, की झालं, फोटोखाली "बुलेट अँट" लिहून मोकळे. ही सगळ्यात कॉमन चूक आणि मला खरंच वाईट वाटतं कारण ही मुंगी इतकी वेगळी आहे की दोन मिनिटं नीट बघितलं तर चुकायला जागाच राहत नाही.

साइजवरून नाव ठरवू नका. बुलेट अँट म्हणजे पॅरापोनेरा क्लावाटा, हिची कामकरी साधारण १८ ते ३० मिमी. पण दक्षिण अमेरिकेतच डायनोपोनेरा नावाच्या मुंग्या आहेत, त्याही काळ्या, त्याही जमिनीवर फिरणाऱ्या, आणि त्यातल्या काही तर हिच्यापेक्षा मोठ्या. साइज लावून बघितली तर डायनोपोनेराच "जास्त बुलेट अँट" ठरेल! उलट बाजूने एक्टाटोमा ट्यूबरक्युलाटम ही लालसर तपकिरी, सेंटीमीटरभर लांबीची मुंगी, तिच्या पाठीवर पुढे उंचवटे असतात म्हणून तिला "बुलेट अँटचं पिल्लू" म्हणणारे पण भेटतात. मुंगीचं पिल्लू म्हणजे अळी असते हो, पाय नसलेली पांढरी. कोशातून बाहेर आलेली मुंगी नंतर वाढत नाही, त्यामुळे छोटी मुंगी म्हणजे लहान वयाची मुंगी हे डोक्यातून काढूनच टाका.

मग बघायचं काय? आधी डोकं. लेन्स घ्या, समोरून आणि मग जरा बाजूने बघा. स्पृशा जिथून निघते तिथून मागे एक खोल खाच जाते आणि ती डोळ्याच्या वरून वळसा घेते. मुंगी स्पृशेचा पहिला लांब दांडा, ज्याला स्केप म्हणतात, तो या खाचेत दुमडून ठेवू शकते. या खाचेला स्क्रोब म्हणतात. डायनोपोनेराला असा स्क्रोब नाही, एक्टाटोमालाही नाही. मी पहिल्यांदा पिनवर लावलेला नमुना मायक्रोस्कोपखाली फिरवून बघितला तेव्हा उजेड तिरपा पडल्याबरोबर ती खाच अशी उठून दिसली की नंतर फोटोत पण डोळे आपोआप तिथेच जायला लागले. वरून सरळ फ्लॅश मारला की नेमकी हीच खाच गायब होते, म्हणून उजेड बाजूने द्या. त्यानंतर प्रोनोटमवर, म्हणजे मानेच्या लगेच मागच्या पाठीवर, दोन्ही बाजूंना एकेक टोकदार उंचवटा, आणि सगळं अंग खरखरीत, खोदकाम केल्यासारखं. ही तिन्ही लक्षणं एकत्र दिसली पाहिजेत. नुसते उंचवटे बघून नाव देऊ नका, कारण ते एक्टाटोमालाही आहेत.

आता कंबर, इथे गोंधळ जास्त होतो. बुलेट अँटला कंबरेची गाठ एकच, म्हणजे पेटिओल. पण कंबरेमागच्या फुगीर पोटाच्या पहिल्या आणि दुसऱ्या भागामध्ये थोडं आवळल्यासारखं दिसतं आणि लोक ती दुसरी गाठ म्हणून मोजतात, मग दोन गाठीवाल्या मिरमिसिनी सबफॅमिलीत नेऊन टाकतात. खरी दुसरी गाठ पुढून मागून दोन्हीकडून आवळलेली, सुटी दिसते. आणि मधल्या भागाला सरसकट "छाती" म्हणू नका, मुंग्यांमध्ये पोटाचा पहिला खंड (प्रोपोडियम) छातीलाच चिकटलेला असतो, म्हणून त्या अख्ख्या भागाला मेसोसोमा म्हणतात. पेटिओल हा खरं तर पोटाचा दुसरा खंड. हे डोक्यात बसलं नाही तर ओळख-तक्त्यातला "तिसरा खंड" तुम्ही भलत्याच जागी शोधत बसाल.

राणीचं पण तसंच. मोठी दिसली की राणी, असं नाही, बुलेट अँटची राणी कामकरीपेक्षा फार मोठी नसते. पंख गळाल्याच्या खुणा आणि डोक्यावरचे तीन छोटे साधे डोळे शोधा. नराला नांगी नसते, आणि त्याच्या स्पृशेचे भाग १३, कामकरीचे १२.

नावाच्या बाबतीत दोन गोष्टी. आपल्याकडे "प्रजाती" हा शब्द कधी जीनससाठी कधी स्पीशीजसाठी वापरतात, त्यामुळे मी सरळ जीनस (जवळच्या जातींचा गट) आणि स्पीशीज (त्यातली एक जात) असंच लिहितो. फॅब्रिशियस या कीटकशास्त्रज्ञाने १७७५ मध्ये हिला फॉर्मिका क्लावाटा म्हटलं, १८५८ मध्ये फ्रेडरिक स्मिथने पॅरापोनेरा हा जीनस केला. जीनस बदलला म्हणूनच आज लेखकाचं नाव कंसात येतं: पॅरापोनेरा क्लावाटा (फॅब्रिशियस, १७७५). कंस काढला तर अर्थ बदलतो. दुसरं म्हणजे जुन्या पुस्तकांत ही पोनेरिनी सबफॅमिलीत दिसेल, ते तसंच कॉपी करू नका. २००३ मध्ये बोल्टनने तिला पॅरापोनेरिनी ही स्वतंत्र सबफॅमिली दिली, आणि त्यात आज जिवंत स्पीशीज ही एकटीच. दुसरी पॅरापोनेरा डायटेरी, ती डॉमिनिकन अंबरमध्ये (झाडाच्या चिकाचं जीवाश्म) सापडलेली, नामशेष. डीएनएवरून तर हिचे जवळचे नातेवाईक निघाले ते टाटुइड्रिस नावाच्या मुंग्यांच्या गटातले, दिसायला अजिबात हिच्यासारखे नसलेले, मला हे अजूनही भारी वाटतं. त्यामुळे "पोनेरासारखी दिसते" एवढ्यावर नातं जोडू नका.

शेवटची चूक नमुना लावतानाची. छोट्या त्रिकोणी कार्डाच्या टोकावर डिंकाचा अगदी बारीक थेंब, मुंगीच्या उजव्या बाजूने, मधल्या आणि मागच्या पायांच्या मुळांमध्ये. डिंक जास्त झाला की पेटिओल बुडतो आणि मग ती गाठ एक की दोन हे कोणालाच सांगता येत नाही. अल्कोहोलच्या बाटलीत लेबल टाकायचं तर पेन्सिलने लिहा, बॉलपेनची शाई विरघळून जाते आणि उरते ती कुठून आली, कोणत्या तारखेला पकडली याचा पत्ताच नसलेली मुंगी.