हवेविना चाक: स्प्रिंगचा हिशेब

एका चाकावर 100 किलो, म्हणजे साधारण 980 न्यूटन भार धरा. हब (चाकाचा मधला भाग) 15 मिमी खाली बसावा, तर एकूण कडकपणा 65 न्यूटन प्रति मिमी हवा. हब आणि रिम यांच्यात 12 ताण-स्प्रिंगा समान अंतरावर लावल्या, तर उभ्या दिशेत त्यांचा निम्माच कडकपणा कामी येतो. म्हणून प्रत्येकी 65 ÷ 6, सुमारे 11 न्यूटन प्रति मिमी.

बसवतानाच स्प्रिंग 20 मिमी ताणा, नाहीतर खालची सैल पडून खडखडते. सरळ आऱ्यांसारखी मांडणी मात्र टाळा: ब्रेक दाबताच हब रिममध्ये फिरतो. जोड्या उलटसुलट तिरक्या लावा, मग कडकपणा पुन्हा मोजा. बाजूचा झोल रोखायला दोन्हीकडे चकत्या लागतात.

खरी डोकेदुखी धातूच्या थकव्याची, म्हणजे दर फेरीला ताणली-सैलावली जाऊन स्प्रिंग तुटण्याची. 2 मीटर परिघाचे चाक किलोमीटरला 500 फेऱ्या घेते. 10,000 किलोमीटरला 50 लाख. स्प्रिंग तुटते ती बहुधा हुकाच्या वळणापाशी.