ब्रिम पकडायचाय? आधी बोट नीट लावायला शिका

गेल्या महिन्यात आमच्या इथल्या मराठी ग्रुपवर दोघातिघांनी विचारलं की तू दर रविवारी नदीवर जातोस तर आम्हालाही सांग ना कसं करायचं, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतोय. मी राहतो अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात, सवाना शहराच्या जवळ, आणि मासे धरतो ते मुख्यतः ओगीची नदीवर, कधी सुट्टी मोठी असली तर अल्टमाहावर. मूळचा सांगलीचा, लहानपणी कृष्णेच्या घाटावर कणकेची गोळी लावून चिलापी काढलेली, त्यामुळे मला वाटायचं आपल्याला काय शिकायचंय यात. पहिले दोन महिने एक मासा लागला नाही.

आधी नाव. लिहितात ब्रीम पण इथं कुणी तसं म्हणत नाही, सगळे "ब्रिम" म्हणतात, आणि तो एक मासा नाहीये, सनफिश घराण्यातले सगळे चपटे, हाताच्या पंज्याएवढे मासे म्हणजे ब्रिम. पॅनफिश पण म्हणतात कारण अख्खा तव्यात मावतो. ब्लूगिल सगळीकडे असतो, कल्ल्यामागं काळा ठिपका. शेलक्रॅकरच्या त्याच ठिपक्याला लाल कड असते, हा गोगलगायी घशातल्या दातांनी फोडून खातो म्हणून तसं नाव. बुंध्यांपाशी चिकटून राहणारा बारका स्टम्पनॉकर. आणि आमच्या नद्यांचा खरा राजा रेडब्रेस्ट, पोट नारिंगी-लाल, कानापाशी लांब काळी पट्टी, मोठ्या नराला इथले लोक "रूस्टर" म्हणतात. वजनाचं म्हणाल तर अर्धा पाऊंडाचा मिळाला की फोटो काढायचा. ब्लूगिलचा जागतिक विक्रम ४ पाऊंड १२ औंसांचा आहे, १९५० साली अलाबामात पकडलेला, अजून कुणी मोडला नाही, त्यामुळे आपण त्या भानगडीत पडायचं नाही.

कागदपत्रं पटकन: वय १६ किंवा जास्त असेल तर लायसन्स लागतं, ऑनलाइन निघतं. दिवसाला माणशी ५० ब्रिमची मर्यादा आहे (५० साफ करून बघा एकदा, परत कधी मर्यादेची चौकशी करणार नाही). बोटीला साधी बॅटरीची ट्रोलिंग मोटर लावली तरी बोटीचं रजिस्ट्रेशन लागतं, नुसत्या वल्ह्याच्या बोटीला नाही. माणशी एक लाइफ जॅकेट बोटीत हवंच आणि १३ वर्षांखालच्या पोरांनी बोट चालू असताना ते अंगात घातलेलंच पाहिजे.

सामान स्वस्तातलं चालतं, खरंच. १० ते १२ फुटी फायबरची घडीची काठी, रीलसुद्धा नको, काठीएवढाच तंगूस, ४ ते ६ पौंडी. गळ ८ किंवा १० नंबरचा, लांब दांडीचा, बारीक तारेचा. माझी पहिली चूक इथंच झालेली, बास नावाच्या मोठ्या तोंडाच्या माशाचे मोठे गळ लावून बसलो होतो आणि ब्रिम नुसतं आमिष कुरतडून जायचे, त्यांचं तोंड केवढं ते बघा ना, करंगळीचं टोक जेमतेम जाईल. गळाच्या वर वीतभर अंतरावर शिशाचा एक बारका मणी, त्याच्या वर छोटं बूच. बूच जेवढं लहान तेवढं बरं, मोठं असलं की माशाला ओढताना जड लागतं आणि तो सोडून देतो. बारीक तारेचा आणखी एक फायदा, गळ लाकडात अडकला की हळू ओढला तर सरळ होऊन सुटतो, तंगूस तुटत नाही, आणि या नद्यांमध्ये गळ लाकडात अडकणारच.

आमिष म्हणजे रातकिडे नाहीतर गांडूळ. रातकिडे बेटच्या दुकानात मोजून जाळीच्या नळीत घालून देतात, मानेच्या मागं जी कडक पट्टी असते तिच्याखालून गळ घालायचा म्हणजे किडा जिवंत राहतो, पाय हलवत राहतो. एकदा ती नळी माझ्या गाडीत मागच्या सीटखाली उघडली. पुढचे दोन आठवडे ऑफिसला जाताना किर्रर्र, बायको त्या गाडीत बसायलाच तयार नव्हती. गांडुळाचा तुकडा अर्ध्या इंचाचा पुरे, अख्खं लोंबतं लावू नका. शेलक्रॅकर हवा असेल तर मात्र गांडूळच, आणि तेही तळाला टेकवून.

आता मुद्द्याचं, बोट. १२-१४ फुटी सपाट तळाची अॅल्युमिनियमची जॉन बोट असते, हलकी, दोन माणसं आरामात. नवा माणूस काय करतो तर नदीच्या मधोमध नांगर टाकतो आणि काठाकडं गळ फेकत बसतो. ब्रिम मधोमध नसतोच. तो असतो वळणाच्या आतल्या बाजूला जिथं पाणी मंद होतं तिथं, पडलेल्या झाडाच्या मागं, सायप्रस झाडांच्या मुळांत, आणि जिथं वेगाचं पाणी आणि थांबलेलं पाणी एकमेकांना घासतं त्या रेघेवर. ती रेघ डोळ्यांनी दिसते, पानं आणि फेस तिथं गोल फिरत असतात. मासा थांबलेल्या बाजूला उभा राहतो आणि वेगाच्या पाण्यातून वाहत येणारं खाणं उचलतो, म्हणजे रांगेत उभं न राहता काउंटरच्या बाजूलाच उभं राहिल्यासारखं.

म्हणून बोटीचं तोंड प्रवाहाच्या उलट ठेवायचं, मोटर अगदी हळू चालू, इतकी की बोट प्रवाहाबरोबर खाली सरकते पण पाण्यापेक्षा सावकाश. काठापासून काठी आणि तंगूस पोचेल एवढ्याच अंतरावरून, साधारण १५ फूट, आणि गळ काठापासून वीतभर अंतरात अलगद सोडायचा, फेकायचा नाही. बूच वाहू द्यायचं. ते एकदम बुडतं असं नाही, कधी नुसतं तिरकं होतं, कधी प्रवाहाच्या विरुद्ध चार बोटं सरकतं, तेव्हाच मनगटानं हलका झटका. दोघं असाल तर एकानं मोटर सांभाळायची, दुसऱ्यानं गळ, तासानं बदली. दोघंही गळ टाकत बसलात की बोट झाडात जाते.

झाडावरून आठवलं, बोट फांदीखाली नेण्याआधी वर बघा. मी एकदा बघितलं नाही आणि काठी गांधीलमाशांच्या पोळ्यात गेली, आठ ठिकाणी चावल्या, कान असा सुजला की हेडफोन बसेना. उन्हं खायला साप पण असतात फांद्यांवर, बहुतेक बिनविषारी पाणसाप, पण बोटीत पडला तर ते तपासायला कुणाला वेळ असतो.

थांबायचं असेल तर बोट पुढच्या टोकानं बांधा, कायम पुढच्याच. मागून नांगर टाकला की मोटर, बॅटरी आणि तुमचं वजन तिथंच असल्यानं मागची बाजू आधीच खाली असते, प्रवाह ढकलतो आणि मागून पाणी आत येतं, बोट भरायला मिनिटसुद्धा लागत नाही. मी बुंध्याला सुरगाठ मारतो, एक हिसका दिला की सुटते. आणि अॅल्युमिनियमवर डबा, वल्हं आपटू नका, खाली ढोल वाजवल्यासारखं ऐकू जातं, मी तळाला जुनं पायपुसणं टाकलंय.

कधी जायचं. पाणी साधारण ७० फॅरनहाइट म्हणजे २१ सेल्सिअस झालं की ब्रिम अंडी घालायला लागतात, आमच्याकडं एप्रिलपासून, मे मधल्या पौर्णिमेच्या आसपास तर जोरात. नर उथळ वाळूत शेपटीनं गोल खड्डे करतो, एकाला लागून एक, वरून बघितलं तर हुबेहूब आप्पेपात्र. जुने लोक म्हणतात की अशा जागेचा वास येतो, कलिंगडासारखा. मला आधी थापा वाटल्या पण मलाही दोनदा आलाय. अशी जागा सापडली की पाच-सहा घ्या आणि पुढं सरका, तो नर अंडी राखत असतो, सगळे उचललेत तर पुढच्या वर्षी काय धरणार.

नदीची पातळी यूएसजीएसच्या (अमेरिकेचं सरकारी भूगर्भ सर्वेक्षण खातं) साइटवर रोज दिसते. पाणी चढत असेल तर घरी बसा, मासे जंगलात शिरलेले असतात. उतरत असेल तर निघा. पाण्याचा रंग बघून घाबरू नका, पानांच्या टॅनिनमुळं ते कोऱ्या चहासारखंच असतं. हां, ओगीचीत मे २०११ मध्ये हजारो मासे मरून तरंगले होते, वरच्या अंगाला एका कारखान्याचं सांडपाणी येत होतं, ते वाचून मला थेट कृष्णेतली मळी आठवली. म्हणून खाण्याआधी राज्याच्या मासे खाण्याच्या सूचनांमध्ये आपली नदी बघून घ्या, पाऱ्याबद्दल त्यात नदीवार लिहिलेलं असतं.

हायवे १७ च्या आसपास गेलात तर पाणी गोडं असूनही भरती-ओहोटी लागते. जॉर्जियाच्या किनाऱ्यावर ६ ते ८ फुटांचा फरक पडतो, त्यामुळं सकाळी जिथून मजेत गेलात तिथं दुपारी चिखल. कोकणातल्यांना हे सांगायला नको, मी सांगलीचा, दोन तास चिखलात बसलो. उन्हाळ्यात दुपारी विजा असतात, सकाळी ११ ला रॅम्पवर, म्हणजे बोट पाण्यात उतरवायच्या उतारावर, परत या.

मासा धरताना हात डोक्याकडून मागं सरकवा म्हणजे पाठीचे काटे मिटतात, नाहीतर तळव्यात घुसतात. लगेच बर्फात. घरी चमच्यानं खवले काढा, डोकं उडवा, पोटातला काळा पापुद्रा खरवडून टाका. दोन्ही बाजूंना तिरक्या चिरा. इथले लोक मक्याच्या पिठात घोळवून तेलात तळतात. मी कोकम आगळ, हळद, मीठ, आलं-लसूण, मालवणी मसाला लावून अर्धा तास ठेवतो आणि रव्यात थोडं तांदळाचं पीठ मिसळून तव्यावर. शेपटी कापू नका. ती कुरकुरीत होते आणि आमच्याकडं तिच्यावरून पोरांची भांडणं होतात.