बोल्ट की गाऊट? तुलना करायची तर वही अशी आखा

आमच्या शाळेच्या मैदानाला लागून निंबाचं मोठं झाड आहे. सकाळचा सराव आटोपला की पोरं तिथे टेकतात, रात्री भिजवलेले हरभरे खातात आणि कोणाच्या तरी मोबाइलवर शर्यती बघतात. मैदान मुरमाचं, पलीकडे केळीच्या बागा, त्यामागे सातपुडा. चोपडा तालुक्यातल्या या मैदानावर मी बावीस वर्षं क्रीडाशिक्षिका आहे.

मध्यंतरी त्या झाडाखाली जोरात जुंपली. दहावीतल्या एका मुलाचं म्हणणं, ऑस्ट्रेलियाच्या तरुण धावपटूने, गाऊट गाऊटने, जमैकाच्या उसेन बोल्टला कधीच मागे टाकलं. बारावीतल्या मुलीने त्याला बोल्टची आठ ऑलिम्पिक सुवर्णपदकं बोटांवर मोजून दाखवली. आवाज वाढले, मग दोघं माझ्यापुढे येऊन उभे राहिले. "मॅडम, तुम्हीच सांगा. कोन भारी शे?"

मी उत्तर दिलं नाही, दोनशे पानी वही आणायला सांगितली. ती वही आता तालमीच्या खोलीत कायमची आहे. ती कशी आखायची ते इथे लिहिते, कारण हा वाद प्रत्येक मैदानावर होतो आणि बहुतेक ठिकाणी आवाज ज्याचा मोठा तो जिंकतो.

आधी प्रश्न फोडा. "कोण भारी" या दोन शब्दांत तीन वेगळे प्रश्न आहेत. कोणाची कारकीर्द मोठी? कोण जास्त जोरात पळाला? आणि त्या त्या वयात कोण पुढे होता? पहिला प्रश्न लगेच मिटतो. बोल्टने २००८, २०१२ आणि २०१६ अशा सलग तीन ऑलिम्पिकमध्ये १०० आणि २०० मीटर दोन्ही जिंकले. दुसराही मिटतो: १०० मीटरला ९.५८ आणि २०० मीटरला १९.१९, दोन्ही जागतिक विक्रम, २००९च्या बर्लिनच्या जागतिक स्पर्धेतले. उरतो तिसरा, आणि उगवत्या धावपटूसाठी खरा प्रश्न तोच असतो. पोरं भांडत होती ती पहिल्याचं उत्तर तिसऱ्याला देऊन.

आता वहीत आडव्या पानावर रकाने पाडा: तारीख, त्या दिवशीचं वय, वेळ, वारा, स्पर्धा, कितवा क्रमांक. वय वर्षं आणि महिन्यांत लिहा. "दोघंही सतरा वर्षांचे" हे चालणार नाही, कारण सोळा वर्षं अकरा महिने आणि सतरा वर्षं दहा महिने यांत अख्ख्या एका हंगामाचा फरक आहे, आणि वाढीच्या वयात एका हंगामात मुलगा ओळखू येत नाही इतका बदलतो. बोल्टचा जन्म २१ ऑगस्ट १९८६चा, गाऊटचा २९ डिसेंबर २००७चा. या दोन तारखा पानाच्या डोक्यावर हव्यातच.

आमच्या पोरांनी भरलेल्या पहिल्या ओळी सांगते, त्यातून पद्धत कळेल.

२००२मध्ये किंग्स्टनला ज्युनियर जागतिक स्पर्धेत बोल्टने २०० मीटर २०.६१ सेकंदांत जिंकले. वय १५ वर्षं ११ महिने. २०२४मध्ये लिमाला त्याच स्पर्धेत गाऊटने २०.६० नोंदवली आणि तो दुसरा आला. वय १६ वर्षं ८ महिने. नुसता वेळेचा रकाना पाहिला तर गाऊट शंभराव्या भागाने पुढे. वयाचा रकाना पाहिला तर बोल्ट नऊ महिन्यांनी लहान, शिवाय सोनं त्याचं. दहावीतला मुलगा इथे जरा गप्प झाला.

पण पुढच्या ओळीला त्याचा चेहरा उजळला. जुलै २००३मध्ये, सतरावं पूर्ण व्हायला महिना असताना, बोल्टने २०.१३ नोंदवली. डिसेंबर २०२४मध्ये, सतरावं पूर्ण व्हायला तीन आठवडे असताना, गाऊटने ब्रिस्बेनला शालेय स्पर्धेत २०.०४ नोंदवली. म्हणजे जवळपास त्याच वयात गाऊट सेकंदाच्या नऊ शतांशांनी पुढे. त्या धावेने पीटर नॉर्मनचा २०.०६चा ऑस्ट्रेलियन विक्रम मोडला. तो १९६८च्या मेक्सिको सिटी ऑलिम्पिकमधला. ते शहर समुद्रसपाटीपासून सुमारे २,२४० मीटर उंचीवर आहे, हवा विरळ, अडथळा कमी, म्हणून स्प्रिंटची वेळ तिथे चांगली लागते. छप्पन्न वर्षं टिकलेला तो आकडा एका शाळकरी मुलाने सपाटीवर मोडला. माझ्या मते गाऊटच्या पानावरची सगळ्यात वजनदार ओळ हीच.

तिसरी ओळ भरताना पोरं फसली. एप्रिल २०२५मध्ये पर्थला गाऊटने १९.८४ नोंदवली. बोल्टची सतरा पूर्ण झाल्यानंतरची गाजलेली वेळ १९.९३, एप्रिल २००४, बर्म्युडा. म्हणजे गाऊट पुढे? वाऱ्याचा रकाना भरा. बोल्टच्या मागून वारा होता सेकंदाला १.४ मीटर. गाऊटच्या मागून २.२. नियमाने २.०च्या वर गेला की शर्यतीचा निकाल राहतो, पण ती वेळ विक्रमात धरत नाहीत. म्हणून १९.८४ आम्ही कंसात लिहिली. खोडली मात्र नाही, कारण धाव त्याच्याच पायांची आहे आणि मर्यादेच्या वर वारा फक्त ०.२ होता. कंस म्हणजे "बघा, पण मोजू नका."

वाऱ्याचं इतकं काय, असं पालकही विचारतात. सेकंदाला दोन मीटर म्हणजे ताशी सात किलोमीटरच्या आसपास. बघताना झुळूक वाटते, पण वेळेत ती शतांशांनी उतरते, आणि इथे सगळं भांडणच शतांशांचं आहे. आणखी एक बारकावा: २०० मीटरला वारा मोजतात तो पहिला धावपटू वळण संपवून सरळ भागात आला की तिथून दहा सेकंद. वळणावर कसा वारा होता ते आकड्यात येत नाही. म्हणून २०० मीटरच्या दोन वेळांत एक-दोन शतांशांचा फरक असेल तर त्यावर निर्णय देऊ नका. आमच्या मैदानावर यंत्र नाही. शेवटच्या पन्नास मीटरला काठी रोवून तिला रंगीत रिबिनीची पट्टी बांधतो. पट्टी ताठ उभी राहिली की त्या फेरीच्या वेळेपुढे "वा" लिहितो.

शाळेच्या जुन्या विक्रमांशी तुलना करत असाल तर घड्याळाचा रकाना हवाच. हातातल्या स्टॉपवॉचची वेळ नेहमी कमी दिसते, कारण सुरुवातीच्या पिस्तुलाचा धूर दिसल्यावर किंवा फळ्यांचा क्लॅपर वाजल्यावर अंगठा दाबायला वेळ जातो. मिल्खा सिंग यांची १९६०ची रोमची शर्यत घ्या. हाताच्या घड्याळात ४५.६, विद्युत घड्याळात ४५.७३. माणूस तोच, शर्यत तीच. १०० आणि २०० मीटरला हाताच्या वेळेत ०.२४ मिळवून मग विद्युत वेळेशी ताडून बघतात. आमच्या फलकावर मुलांच्या १०० मीटरचा विक्रम ११.३ असा रंगवला आहे. वहीत तो ११.५४ आहे. पोरांना आधी हे पटलं नाही, वाटलं मॅडम जुन्या दादाचा विक्रम कमी करतायत. मग एकाच धावेला पाच पोरांच्या हातात पाच घड्याळं दिली. पाच वेगळे आकडे आले. त्यानंतर ०.२४बद्दल कोणी हुज्जत घातली नाही.

बूट आणि ट्रॅक यांचा रकाना शेवटी ठेवा आणि त्यात फक्त नोंद करा, गणित करू नका. रोमला मिल्खा सिंग राखेच्या ट्रॅकवर पळाले. बोल्ट २०१७मध्ये थांबला, त्यानंतर हलक्या उसळत्या फोमचे आणि कडक पट्टीचे नवे स्पाइक, म्हणजे खिळ्यांचे बूट, आले. कोणाला किती फायदा होतो हे पायागणिक बदलतं, म्हणून "बूट नवा" इतकं लिहून पुढे जा.

आता शंभर मीटर. इथे एका आकड्यापेक्षा धावेचे तुकडे उपयोगी. बर्लिनच्या ९.५८चे वीस-वीस मीटरचे तुकडे असे आहेत: पहिले वीस २.८९, मग १.७५, १.६७, १.६१ आणि शेवटचे वीस १.६६. बघा, सर्वाधिक वेग ६० ते ८०मध्ये आहे आणि शेवटी बोल्टसुद्धा मंदावतो. टीव्हीवर तो शेवटी सुटल्यासारखा दिसतो, कारण बाकीचे त्याच्यापेक्षा जास्त मंदावतात. म्हणून नव्या विजेत्याची तुलना करताना फक्त शेवटचा आकडा घेऊ नका, कोणत्या तुकड्यात तो मागे पडतो ते शोधा. २०२४च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेचा नोआ लाइल्स सुरुवातीला मागे होता आणि ९.७८४ विरुद्ध ९.७८९ असा जमैकाच्या किशेन थॉम्प्सनच्या पुढे सरकला. त्याची सुटताना प्रतिक्रिया, म्हणजे इशारा ऐकून हलायला लागलेला वेळ, ०.१७८, बोल्टची बर्लिनला ०.१४६. ती वजा करून पळण्याची निव्वळ वेळ काढता येते: बोल्ट ९.४३४, लाइल्स ९.६०६. दोघांत फरक राहतोच, पण त्यातला किती पायांचा आणि किती कानांचा, हे वेगळं दिसतं.

आणि आकडा जमिनीवर उतरवा. हे मी सगळ्यांना कळकळीने सांगते. सप्टेंबर २०२५मध्ये टोकियोला जमैकाच्या ऑब्लिक सेव्हिलने ९.७७मध्ये जागतिक विजेतेपद घेतलं. प्रशिक्षक ग्लेन मिल्स, तेच ज्यांनी बोल्टला घडवलं. ९.७७ आणि ९.५८, फरक ०.१९. पोरांना वाटलं, एवढंच? मी फक्कीची थैली घेतली, शेवटच्या रेषेवर एकाला उभं केलं आणि तिथून मागे सव्वादोन मीटर टेपने मोजून दुसरी रेष मारली. ०.१९ सेकंदाचं त्या वेगाने अंतर साधारण तेवढंच होतं. एक मुलगा मागच्या रेषेवर उभा राहिला, हात लांबवला, पण पुढच्याच्या पाठीला बोटं लागेनात. बराच वेळ कोणी बोललं नाही. मग तोच मुलगा म्हणाला, "आणि हा जगात पहिला आहे?" सेव्हिलचं मोठेपण आणि बोल्टचं मोठेपण, दोन्ही त्या दोन पांढऱ्या रेषांमध्ये एकदम दिसलं.

वेळ अगदी सारखी आली तर काय करायचं? मुलींनी हा प्रश्न काढला, आणि त्याचं उत्तर आपल्याच देशात आहे. पी. टी. उषा १९८४मध्ये लॉस एंजेलिसला ४०० मीटर अडथळ्यांत ५५.४२ पळाल्या आणि शंभराव्या भागाने कांस्यपदक हुकलं. २०२३मध्ये हांगझोच्या आशियाई स्पर्धेत विद्या रामराज बरोब्बर ५५.४२ पळाली. एकोणचाळीस वर्षांनी तोच आकडा. अशा वेळी "स्पर्धा" हा रकाना बोलतो. उषाची ती ऑलिम्पिकची अंतिम फेरी होती, विद्याची प्राथमिक. उलट बाजूने, विद्याने पदक आणलं, अंतिम फेरीत ५५.६८ धावून कांस्य. मी या दोघींच्या ओळी शेजारी शेजारी लिहायला लावल्या आणि खाली बेरीज-वजाबाकी काही केली नाही.

एक रकाना मी माझ्या चुकीमुळे घातला, तो सांगायलाच हवा. काही वर्षांपूर्वी पाड्यावरून येणारी नववीतली एक मुलगी १०० मीटर १३.२ पळाली. फलकावर आमच्या जुन्या विजेतीचे १२.९ होते. मी प्रार्थनेच्या वेळी सगळ्या शाळेसमोर म्हटलं, ही ताईचा विक्रम यंदा मोडणार. ताईने १२.९ काढले तेव्हा ती बारावीत होती, हे मी पाहिलंच नव्हतं. तीन वर्षांचा फरक मी त्या पोरीच्या डोक्यावर ठेवला. ती माझ्या नकळत संध्याकाळीही पळू लागली, नडगी दुखते हे तिने लपवलं, आणि विभागाच्या स्पर्धेला तिला लंगडत बाहेर यावं लागलं. पुढच्या वर्षी ती मैदानावर आली नाही. मी दोनदा घरी गेले. तिने चहा केला, पण पळण्याचा विषय काढू दिला नाही.

तो रकाना म्हणजे "मध्ये काय झालं." बोल्टच्या पानावर तो भरल्याशिवाय कोणत्याही कोवळ्या मुलाला त्याच्या शेजारी उभं करू नका. १९.९३ पळाल्यानंतर चारच महिन्यांनी, अथेन्स ऑलिम्पिकला, दुखावलेला बोल्ट पहिल्याच फेरीत २१.०५ वेळ देऊन बाहेर पडला. २००५च्या जागतिक अंतिम फेरीत दुखापतीने तो शेवटचा आला, वेळ २६.२७. २००७मध्ये ओसाकाला टायसन गेच्या मागे दुसरा, १९.९१. म्हणजे १९.९३ नंतर तीन वर्षांहून जास्त काळाने जागतिक अंतिम फेरीत वेळ फक्त दोन शतांशांनी चांगली, आणि मध्ये दोन मोठ्या पडझडी. १९.१९ आली ती २० ऑगस्ट २००९ला, तेविसाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी. हा रकाना पोरांनी सगळ्यात हळू भरला. दहावीतल्या मुलाने २६.२७ वर बोट ठेवून विचारलं, "मॅडम, हे खरंच त्याचंच आहे?"

गाऊटच्या पानावर आम्ही २०२५ संपेपर्यंतच्या ओळी शाईने लिहिल्या. नियमात बसणारी सगळ्यात चांगली त्यात २०.०२, जूनमधली, ऑस्ट्राव्हाची. त्याखाली बरीच जागा रिकामी सोडली आहे. अगदी तळाशी बारावीतल्या मुलीने पेन्सिलीने एक तारीख टाकली: २८ डिसेंबर २०३०. त्या दिवशी गाऊटचं वय बर्लिनच्या बोल्टइतकं असेल. वेळेचा रकाना कोरा आहे, वाऱ्याचाही.