कावीळ झाली की ताट वेगळं करता, पण विहिरीचं काय? या चुका टाळा

पावसाळ्यात वाडीत कुणाचे डोळे पिवळे दिसले की पहिलं काम काय होतं, तर त्याचं ताट-तांब्या वेगळा, अंथरूण पडवीत, पोरांना जवळ जायची बंदी. आणि बाकी सगळं घर त्याच विहिरीचं पाणी न उकळता पीत राहतं. सगळ्यात मोठी चूक हीच आहे.

कावीळ लागण होणारी आहे का, असं सगळे विचारतात, पण आधी विचारा कुठली कावीळ. पिवळेपणा हे फक्त लक्षण आहे. पित्ताशयातल्या खड्यांनी, दारूने, काही औषधांनी झालेली किंवा नवजात बाळाची नेहमीची कावीळ कुणालाच लागत नाही. हिपॅटायटिस म्हणजे लिव्हरला सूज आणणारे व्हायरस, त्यातले ए आणि ई हे रुग्णाच्या शौचातून पाण्यात आणि जेवणात येतात, बी आणि सी हे रक्तातून, म्हणजे सुई, ब्लेड, असुरक्षित शरीरसंबंध, आईकडून बाळाला. बी असलेल्या माणसाबरोबर एका पंगतीत जेवलात, मिठी मारलीत तरी काही होत नाही, त्याला उगाच वाळीत टाकू नका. म्हणून डॉक्टरांनी सांगितलेली रक्ततपासणी टाळू नका, नुसतं बिलिरुबिन (रक्तातलं पिवळं द्रव्य) बघून प्रकार कळत नाही.

आपल्याकडे कोकणात पाण्याची भीती जास्त का, तर जमीन जांभ्याची. जांभा सच्छिद्र, त्यात भेगा, वरचं पाणी नीट गाळलं न जाता झपाट्याने खाली उतरतं आणि संडासाचा शोषखड्डा विहिरीच्या वरच्या अंगाला असेल तर आषाढात काय होणार सांगायला नको. पाणी काचेसारखं स्वच्छ दिसतं म्हणून चांगलं असं समजू नका. 1955-56 मध्ये दिल्लीत यमुनेच्या पाण्यात सांडपाणी मिसळलं आणि 29 हजारांच्या वर लोकांना कावीळ झाली, तेव्हा पाण्यात क्लोरीन टाकलं जात होतं तरीसुद्धा! तो हिपॅटायटिस ई होता हे पुढे कळलं. म्हणजे विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर पडलीच पाहिजे, ग्रामपंचायतीच्या मागे लागा, पाण्यात क्लोरीन उरलंय का हे बघायची ओटी टेस्ट करायला सांगा, पण प्यायचं पाणी घरी खळखळून उकळायचंच. फडक्याने गाळून किंवा तुरटी फिरवून व्हायरस मरत नाही.

दुसरी गोष्ट बर्फाची. मासे ठेवायचा बर्फ सरबतात, उसाच्या रसात जातो, तो पिण्याच्या पाण्याचाच असेल याची खात्री नसते. कालवं, तिसऱ्या पाणी गाळून जगतात, त्या पाण्यातला व्हायरस त्यांच्या अंगात साठतो, त्यामुळे नुसतं शिंपलं उघडलं म्हणून गॅस बंद करू नका, चांगल्या शिजू द्या.

आता रुग्णाकडून लागण. हिपॅटायटिस ए डोळे पिवळे व्हायच्या आधीच एक-दोन आठवडे पसरत असतो, म्हणजे ताट वेगळं करेपर्यंत उशीर झालेला असतो. पिवळेपणा दिसल्यावरही निदान आठवडाभर त्या माणसाने दुसऱ्यांसाठी स्वयंपाक करू नये, गणपतीत घर चाकरमान्यांनी भरलेलं असताना तर नकोच. खरं लक्ष हवं ते संडासानंतर साबणाने हात धुण्याकडे, सॅनिटायझरवर भागवू नका.

गळ्यात झाडपाल्याच्या काड्यांची माळ घालणं, चुन्याच्या पाण्यात कावीळ उतरवणं हे अजून चालतं. माळ वाढते कारण काड्या सुकून बारीक होतात आणि गाठी सैल पडतात, लिव्हरचा त्यात संबंध नाही. ए आणि ई बहुतेकांची आपोआप बरी होते, त्याचं श्रेय माळेला जातं आणि ज्याची होत नाही त्याचे मोलाचे दिवस जातात. तापल्या सळईचा डाग तर कुणालाच देऊ नका, प्लीज. हळद-तेल बंद करून माणसाला उपाशी ठेवायचीही गरज नाही, पेज, मुगाचं कढण, भात जे जातं ते द्या, दारू मात्र पूर्ण बंद आणि पॅरासिटामॉलसुद्धा डॉक्टरांना विचारूनच.

गरोदर बाईला कावीळ दिसली तर त्याच दिवशी हॉस्पिटल, कारण शेवटच्या तिमाहीत हिपॅटायटिस ई जीवावर बेततो. भात लावणीनंतर ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल आणि मग पिवळे, असं झालं तर लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, शेतातल्या दूषित पाण्या-चिखलातून होणारा ताप) असू शकतो, डॉक्टरांना शेतात गेलो होतो हे स्वतःहून सांगा. रुग्ण असंबद्ध बोलायला लागला, सारखा झोपतोय, उलट्या थांबत नाहीत, कुठून रक्त येतंय, तर सकाळची वाट न बघता रात्रीच गाडी काढा.

बीची लस बाळाला जन्मल्यावर 24 तासांत आणि मग 6, 10, 14 आठवड्यांना सरकारी दवाखान्यात फुकट मिळते, एची लस प्रायव्हेटमध्ये पैसे देऊन घ्यावी लागते, बालरोगतज्ज्ञांना विचारून घ्या.