मनगट लुळे पडल्यावर स्नायू कसा राखावा

घोडबंदर रस्त्यावर दुचाकी घसरून दंडाचे हाड मोडलेली माणसे ठाण्यात फिजिओथेरपीसाठी येतात, तेव्हा काहींचा पंजा मनगटातून खाली लोंबत असतो, कारण त्या हाडाला वळसा घालून जाणारी रेडियल नस दुखावलेली असते. घरी बसून रबरी चेंडू दाबला की मनगट उचलले जाईल, ही समजूत आधी सोडावी. चेंडू दाबणारे स्नायू निराळ्या नसांवर चालतात.

नसेचा संबंध तुटला की स्नायू नुसता सैल पडत नाही. त्यातील प्रथिने मोडीत निघतात, तंतू बारीक होतात आणि नसेचा निरोप टिपणारे रिसेप्टर, जे एरवी नस टेकते तेवढ्याच जागी दाटलेले असतात, ते तंतूच्या सबंध पृष्ठभागावर पसरतात. अशा स्नायूत हालचाल नसतानाही आपोआप उठणारी सूक्ष्म फुरफुर ईएमजीच्या, म्हणजे स्नायूतील विद्युत हालचाल टिपणाऱ्या तपासणीच्या, सुईला साधारण दोन-तीन आठवड्यांनी सापडते, म्हणून अपघाताच्या दुसऱ्याच दिवशी ही तपासणी करून घेण्याची घाई मला पटत नाही. नस दिवसाला जेमतेम १ मिलिमीटर वाढते, म्हणजे १२ सेंटीमीटरला चार महिने. आणि साल-दीड साल उलटल्यावर स्नायूच्या जागी चरबी व चिवट तंतू भरल्यामुळे नस पोहोचूनही फारसे हाती लागत नाही.

तोवर सांधे आखडू देऊ नयेत. दिवसातून तीन-चार वेळा दुसऱ्या हाताने मनगट, बोटे आणि अंगठा सावकाश, दुखणार नाही इतपत मागे न्यावा, व एरवी मनगट किंचित वर धरणारे स्प्लिंट बांधावे. अंगठ्यामागची त्वचा बधिर असल्यास गरम पाणी चांगल्या हाताने जोखावे.

दर रविवारी कोपराच्या टोकापासून १० सेंटीमीटर खाली पेनाने खूण करून, शिंप्याच्या टेपने दोन्ही हातांचा घेर मोजावा आणि वहीत तारखेनिशी लिहावा. सूज असेपर्यंत हा आकडा फसवा असतो.

मग पेला धरल्यासारखी मूठ उभी ठेवून, दुसऱ्या हाताचा विरोध घेत कोपर वाकवावे. अंगठ्याच्या बाजूने, कोपराखाली दोरीसारखी वळी उठली, तर नस तिथवर आली असे समजावे, कारण या दुखापतीत तोच स्नायू बहुधा प्रथम जागा होतो. तीन-चार महिन्यांत ती दिसलीच नाही, तर वही घेऊन नसांच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना भेटावे.