विल्यम वर्ट यांची कारकीर्द अभ्यासताना

अमेरिकेच्या आरंभीच्या कायद्याचा अभ्यास बहुतेक विद्यार्थी सरन्यायाधीश जॉन मार्शल यांच्या निकालांपासून सुरू करतात, आणि माझीही सुरुवात तिथूनच झाली. त्या निकालांत वकील म्हणून वारंवार भेटणारे विल्यम वर्ट वाचू लागल्यावर मात्र सरकारचा वकील हे पद कसे घडत गेले, ते मला अधिक नीट उमगले. म्हणून नवागतांना मी हीच वाट सुचवतो.

1772 मध्ये मेरीलँडमधील ब्लेडन्सबर्ग येथे जन्मलेले वर्ट बालपणीच पोरके झाले आणि पुढे व्हर्जिनियात वकिली करू लागले. 1807 मध्ये माजी उपराष्ट्राध्यक्ष ॲरन बर यांच्यावरील देशद्रोहाच्या खटल्यात सरकारपक्षातर्फे केलेल्या भाषणाने त्यांचे नाव गाजले. भाषण अवश्य वाचावे, पण त्यातच रमू नये. बर निर्दोष सुटले.

खरा अभ्यासविषय 1817 नंतरचा आहे. अध्यक्ष मन्रो यांनी वर्ट यांना ॲटर्नी जनरल, म्हणजे सरकारचे मुख्य वकील, नेमले, तेव्हा पूर्वसूरींनी दिलेल्या अभिप्रायांची नोंदच कार्यालयात नव्हती, त्यामुळे एकाच प्रश्नावर सरकारने पूर्वी कोणती भूमिका घेतली होती हे कळण्यास मार्ग नव्हता. वर्ट यांनी अभिप्रायांची नोंदवही ठेवण्यास प्रारंभ केला. शिवाय 1789 च्या कायद्यानुसार अध्यक्ष आणि खातेप्रमुख यांनाच सल्ला देणे हे आपले काम आहे, असे सांगून त्यांनी प्रतिनिधिगृहालाही अभिप्राय नाकारला. 1829 पर्यंत, म्हणजे सलग अकरा वर्षांहून अधिक काळ, ते या पदावर होते. एवढा काळ ते दुसऱ्या कोणालाही लाभलेले नाही.

त्या काळी या पदावर राहून खासगी वकिली करता येत असे. त्यामुळे खटल्याच्या अहवालात ‘ॲटर्नी जनरल’ असा उल्लेख दिसला, तरी ते सरकारतर्फेच बोलत होते असे गृहीत धरू नये. डार्टमथ महाविद्यालयाच्या खटल्यात त्यांचे अशील सरकार नव्हते. मला तरी प्रत्येक खटल्यापुढे अशिलाचे नाव लिहून ठेवण्याचा मोठा उपयोग झाला.

चेरोकी या अमेरिकेतील मूळनिवासी जमातीचे खटले त्यानंतर घ्यावेत. पद सोडल्यावर वर्ट जॉर्जिया राज्याविरुद्ध चेरोकींच्या बाजूने उभे राहिले. 1831 मध्ये न्यायालयाने अधिकारक्षेत्राच्या मुद्द्यावर दावा ऐकण्यास नकार दिला, तर 1832 मध्ये वूस्टर खटल्यात जॉर्जियाचा कायदा घटनाबाह्य ठरवला. त्याच वर्षी मेसनविरोधी (फ्रीमेसन या गुप्त संघटनेला विरोध करणाऱ्या) पक्षातर्फे त्यांनी लढवलेली अध्यक्षपदाची निवडणूक धावती वाचली तरी चालेल, कारण त्यात त्यांना एकटे व्हरमाँट राज्य मिळाले.